आडात किती, ते आधी मोजा

लास व्हेगासहून ईशान्येकडे निघालं की साधारण तासाभराने हायवे ९३ ला १६८ क्रमांकाचा रस्ता येऊन मिळतो. त्या तिठ्यापाशी, मोहावी वाळवंटातल्या करड्या झुडपांमध्ये, एक गोल्फ कोर्स आहे. जॅक निकलस या नामवंत गोल्फपटूने तो आखला आणि २००८ साली तो सुरू झाला. आसपास शहराची पूर्वतयारीही करून ठेवलेली आहे. पुराचं पाणी अडवायला बांध आहे, सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, रस्ते आखलेले आहेत. घर मात्र एकही नाही. या न झालेल्या शहराचं नाव कायोटी स्प्रिंग्ज. जमीन ४३,००० एकर, म्हणजे सुमारे १७४ चौरस किलोमीटर. आराखड्यात दीड लाखाहून जास्त घरं, आणखी गोल्फ कोर्स, हॉटेलं आणि कॅसिनो.

अमेरिकेत ही गोष्ट दोन प्रकारे सांगतात. एक, राजकारण्यांच्या गळ्यात गळा घालणाऱ्या बड्या माणसाचं स्वप्न कसं धुळीला मिळालं. दोन, बोटाएवढ्या माशाने अख्खं शहर कसं अडवलं. दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. पण त्यांत गुंतलं की मुख्य मुद्दा हातातून निसटतो. माझ्या मते हा प्रकल्प थांबला ते योग्यच झालं. तो थांबला पाण्याच्या हिशेबामुळे. आणि हा हिशेब इतक्या उशिरा मांडला गेला, याचा दोष बिल्डरपेक्षा सरकारच्या पदरात जास्त पडतो.

पहिली गोष्ट झटपट उरकतो. १९८८ साली अमेरिकी संसदेने कायदा करून फ्लोरिडातल्या पाणथळ जमिनीच्या बदल्यात नेवाडातली ही जमीन एरोजेट या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीला दिली. रॉकेटचा कारखाना काही झाला नाही. १९९८ मध्ये हार्वी व्हिटमोर या वजनदार वकिलाने ती घेतली. नेवाडाच्या विधिमंडळात जुगार, दारू आणि तंबाखूवाल्यांची बाजू मांडणारा हा लॉबिस्ट. परवानग्या कुठून आणि कशा मिळवायच्या हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण घरबांधणीचा बाजार २००८ च्या सुमारास कोसळला, पुढे भागीदारांशी कोर्टबाजी झाली, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने व्हिटमोरला दोषी ठरवलं. सिनेटर हॅरी रीड यांच्या निवडणूक निधीत त्याने नातेवाईक आणि कर्मचाऱ्यांच्या नावावर स्वतःचे पैसे घातले होते. दोन वर्षांची कैद झाली. रीड यांच्यावर कसलाही आरोप ठेवला गेला नाही. मसालेदार प्रकरण आहे खरं, पण व्हिटमोर धुतल्या तांदळासारखा असता तरी त्या जमिनीखालचं पाणी एका थेंबाने वाढलं नसतं.

आता मासा. १६८ च्या रस्त्याने आग्नेयेला खाली गेलं की मडी नदीचा उगम लागतो. नदी म्हणजे काय, तर डोंगरातून येणारा प्रवाह नव्हे. सपाट जमिनीतून वर येणारे कोमट पाण्याचे झरे. पाणी बारमाही तिशीच्या आसपास सेल्सियस. या झऱ्यांत आणि त्यांच्या ओहोळांत मोआपा डेस नावाचा मासा राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. १९६७ पासून त्याची नोंद धोक्यातल्या प्रजातींमध्ये आहे. १९७९ साली त्याच्यासाठी छोटंसं अभयारण्य केलं. त्याआधी तिथे रिसॉर्ट होतं. झऱ्याचं पाणी पोहण्याच्या तलावात घ्यायचे, त्यात क्लोरीन टाकायचे, आणि मासा बिचारा उरल्यासुरल्या चरात. आता ते तलाव काढून ओहोळ पूर्ववत केलेत. एके ठिकाणी काठाखाली उतरून काचेतून प्रवाह आडवा बघता येतो: स्वच्छ पाणी, तळाशी खडी, आणि प्रवाहाच्या उलट तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत थांबलेले हे मासे. वरून वाहून येणारं भक्ष्य टिपायचं, एवढंच त्यांचं काम. २००८ च्या मोजणीत ते पाचशेसुद्धा भरले नव्हते. बाहेरून आलेल्या तिलापिया नावाच्या माशाने त्यांचा फडशा पाडला होता, हेही सांगायला हवं. सगळं खापर पंपांवर फोडता येत नाही. तिलापिया हटवल्यावर आणि ओहोळ सुधारल्यावर संख्या पुन्हा वाढली.

बोटभर माशासाठी लाखो माणसांची घरं अडवायची का, हा प्रश्न सभेत टाळ्या घेणारा आहे. पण त्या झऱ्यांवर एकटा मासा अवलंबून नाही. मडी नदीचं पाणी कुणाचं, हे १९२० सालच्या कोर्टाच्या निवाड्याने ठरवून दिलेलं आहे. खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या पाटाला तेच पाणी. पायूट आदिवासींची राखीव जमीन त्याच नदीवर. एकोणिसाव्या शतकात त्यांची जमीन कापून कापून हजार एकरांवर आणली होती आणि १९८० मध्ये कापलेल्या जमिनीतली सत्तर हजार एकर परत मिळाली. जमीन मिळाली तरी नदी आटली तर त्या जमिनीचं करायचं काय? पुढे ही नदी लेक मीडला, म्हणजे कोलोरॅडो नदीच्या हूव्हर धरणाच्या जलाशयाला मिळते. झरा आटू लागला की पहिल्यांदा मासा मरतो, इतकंच. रांगेत त्याच्यामागे बरीच माणसं उभी आहेत.

पण कायोटी स्प्रिंग्जच्या बोअरवेलचा आणि खालच्या झऱ्यांचा संबंध काय? इथेच खरी मेख आहे. पूर्व नेवाडाच्या पोटात चुनखडीचा अवाढव्य थर आहे. भेगाळलेला, पोकळ, आणि पाण्याने भरलेला. वर बघावं तर डोंगर आहेत, दऱ्या आहेत, प्रत्येक दरीला स्वतंत्र नाव, आणि सरकारी नकाशात प्रत्येक दरी म्हणजे स्वतंत्र भूजल खोरं. खाली मात्र भिंती नाहीत. वर्षाला जेमतेम चार-पाच इंच पाऊस पडणाऱ्या या भागात झऱ्यांतून बाहेर येणारं पाणी लांबच्या डोंगरांवर हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं आहे.

अशी शंका सरकारलाही होती. २००२ साली नेवाडाच्या स्टेट इंजिनियरने नवे अर्ज रोखून धरले आणि सांगितलं, आधी पंप चालवून बघा. मग काय होतं ते मोजू. नेवाडात स्टेट इंजिनियर हा पाणीवाटपाचा सर्वोच्च अधिकारी. एखाद्या घरापुरता बोअर सोडला, तर त्याच्या शिक्क्याशिवाय बोअरचं पाणी वापरता येत नाही आणि प्लॉटिंगचा नकाशाही मंजूर होत नाही. चाचणी व्हायला २०१० उजाडलं. दोन वर्षं पाणी उपसलं. कायोटी स्प्रिंग खोऱ्यातून वर्षाला सुमारे ५,३०० एकर-फूट, म्हणजे कागदावर दिलेल्या हक्कांचा एक भागच. तेवढ्याने सगळ्यांत उंचावरच्या पीडरसन झऱ्याचा प्रवाह निम्म्याहून खाली आला. शेजारच्या चार-पाच खोऱ्यांतल्या विहिरींची पातळी जवळजवळ एकदमच उतरली. डबकी वेगवेगळी वाटत होती, पण हौद एकच निघाला.

आता आकडे, कारण या सगळ्या भांडणाचा जीव त्यांच्यात आहे. एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर फूटभर उभं राहील इतकं पाणी, साधारण सव्वाबारा लाख लिटर. २०२० च्या जूनमध्ये स्टेट इंजिनियरने आदेश क्रमांक १३०९ काढला. ही सगळी खोरी एकच धरायची आणि सगळ्यांनी मिळून वर्षाला ८,००० एकर-फुटांहून जास्त उपसायचं नाही. आपल्या भाषेत ०.३५ टीएमसी. खडकवासल्याच्या १.९७ टीएमसी उपयुक्त साठ्याच्या सहाव्या भागाच्या आसपास. आणि त्याच खोऱ्यांत सरकारने आजवर वाटलेले हक्क किती? ४०,००० एकर-फुटांच्या घरात. आडात एक घागर पाणी आणि पाच जणांना पाच घागरींच्या पावत्या. प्रत्येक पावतीवर सरकारी शिक्का.

कायोटी स्प्रिंग्जच्या कंपनीकडे त्यातले सुमारे ४,६०० एकर-फूट. दक्षिण नेवाडात एका एकर-फुटात वर्षभर साधारण दोन घरं भागतात, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे सगळ्या पावत्या वटल्या असत्या तरी घरं नऊ-दहा हजार झाली असती. दीड लाखांच्या शहराचं बाकीचं पाणी कुठून येणार होतं? उत्तरेकडच्या लिंकन परगण्यातून नळ टाकून आणू, पुढेमागे मोठी पाइपलाइन होईलच, अशा भरवशावर. ती मोठी पाइपलाइन, पूर्व नेवाडातलं भूजल लास व्हेगासला आणणारी, तिच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये गुंडाळून ठेवली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जेवणारे मात्र खरे असणार होते, गृहकर्जाच्या हप्त्यांसकट.

कंपनीचं म्हणणं आता ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. ती म्हणते, हक्क आम्ही चोरले नाहीत. सरकारने दिलेले परवाने पैसे मोजून घेतले, त्यांच्या जिवावर कोट्यवधी डॉलर ओतले. आता तुम्ही खोऱ्यांची व्याख्याच बदलता. काल जे आमच्या दरीचं पाणी होतं ते आज सात दऱ्यांचं सामायिक कसं झालं? २०२२ साली जिल्हा न्यायालयाने हे मान्य केलं. खोरी एकत्र करण्याचा अधिकार कायद्याने स्टेट इंजिनियरला दिलेलाच नाही, असं म्हणून आदेश रद्द केला. जानेवारी २०२४ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: नदी आणि भूजल यांचं एकत्रित नियोजन करण्याचा आणि अनेक खोरी एकत्र हाताळण्याचा अधिकार त्याला आहे. ८,००० हा आकडा पुराव्यावर टिकतो का, हा प्रश्न मात्र खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. कंपनीने सरकारविरुद्ध भरपाईचा दावाही लावला आहे.

माझ्या मते सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याला शहाणपण आणणारा आहे. नेवाडात नदीच्या पाण्याचा कायदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, भूजलाचा १९३९ चा. दोन वह्या. एका वहीत नदी पूर्ण वाटून टाकलेली, दुसऱ्या वहीत तिला जन्म देणारं भूजल पुन्हा वाटलेलं. दोन्ही वह्या एकाच कचेरीत. तरी एकीची बेरीज दुसरीत कधी ओढली नाही. नेवाडाच्या कायद्याचा पाया असा की ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी. मग नदीवरच्या १९२० च्या हक्कदाराच्या तोंडचं पाणी नव्या बोअरने तळातून काढून घेतलं, तर त्या तत्त्वाला अर्थ काय उरला? खोऱ्यांची व्याख्या कुणी बदलली नाही. ती मुळातच चुकीची होती आणि चाचणीने ती चूक उघडी पाडली.

आणि कंपनी अगदीच भोळीही नव्हती. नवे अर्ज रोखणारा आदेश २००२ चा. २००६ मध्ये कंपनीने स्वतः एका करारावर सही केली. लास व्हेगासचं पाणी प्राधिकरण, केंद्राचं वन्यजीव खातं, पायूट, खालच्या खोऱ्यातली पाणीपुरवठा संस्था, हे सगळे त्या करारात होते. झऱ्यांचा प्रवाह अमुक पातळीखाली गेला तर पंप आवरते घ्यायचे, त्याच्याखाली गेला तर आणखी, अशा पायऱ्या त्यात लिहिलेल्या आहेत. माशासाठी म्हणून कंपनीने आपल्या हक्कांतले ४६० एकर-फूट सोडले. म्हणजे पंपाचा आणि झऱ्याचा संबंध असू शकतो, हे तिने स्वतःच्या सहीने कबूल केलं, आणि त्यानंतर दोन वर्षांनी वाळवंटात गोल्फचं गवत उगवलं. धंद्यात जोखीम घेतात, हरकत नाही. पण जोखीम फसल्यावर तिला अन्याय म्हणायचं, हे पटत नाही.

राहिला घरांचा मुद्दा. तो मी हलक्यात घेत नाही. नेवाडाची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. लास व्हेगासभोवती खासगी जमीन तुटपुंजी, भाडी आणि किमती चढलेल्या, हॉटेलांत राबणाऱ्या माणसाला घर परवडत नाही. मग सलग ४३,००० एकर खासगी जमीन पडून ठेवणं हा चैनीचा पर्यावरणवाद नाही का, असं विचारणारे लोक मूर्ख नाहीत. पण पाण्याच्या दृष्टीने सगळी घरं सारखी नसतात. लास व्हेगासच्या खोऱ्यात घरातलं सांडपाणी, म्हणजे मोरीचं, आंघोळीचं आणि संडासचं पाणी, जवळजवळ सगळं शुद्ध होऊन परत लेक मीडमध्ये जातं, आणि जितकं परत गेलं तितकं पुन्हा उचलायची मुभा मिळते. कोलोरॅडो नदीतला नेवाडाचा वाटा वर्षाला फक्त ३ लाख एकर-फूट. त्यावर वीस लाखांहून जास्त माणसं जगतात ती या चक्रामुळे. तिथे नव्या घराचा खरा खर्च म्हणजे अंगणात आणि हिरवळीवर उडून जाणारं पाणी. कायोटी स्प्रिंग्ज या चक्राच्या बाहेर. तिथलं शुद्ध केलेलं सांडपाणी गोल्फच्या गवताला जाऊन हवेत विरणार, आणि जमिनीतून उपसलेलं पाणी परत भरायला पाऊस नाही. घरं हवीत तर व्हेगासच्या खोऱ्यात दाटीने बांधा, उंच बांधा, हिरवळ कमी करा. लोकांना परसदार हवं असतं, मान्य. तासभर गाडी हाकत कामाला जायची हौस मात्र कुणाला असते असं वाटत नाही.

मराठी वाचकाला इथवर येताना लवासा आठवला असेल. तिथलं प्रकरण वेगळं होतं: डोंगर, परवानग्या, २०१० मधली केंद्राची कामबंदी, २०१८ मधली दिवाळखोरी. पाणी तिथे भरपूर होतं. मला कायोटी स्प्रिंग्जशी जास्त जवळची वाटते ती पुण्याच्या कडेची टँकरवाली सोसायटी. पाण्याची सोय आपली आपण करू असं हमीपत्र बिल्डर लिहून देतो, इमारत उभी राहते, फ्लॅट विकले जातात, आणि मग उन्हाळाभर टँकर. नेवाडात निदान घर विकण्याआधी कुणीतरी पाणी मोजून बघतो आणि नाही म्हणू शकतो. २०२० मध्ये कायोटी स्प्रिंग्जचे प्लॉटिंगचे नकाशे त्याच अधिकाराने नाकारले गेले. आपल्याकडे दोन वह्यांचं दुखणं तर आहेच: जमिनीवरचं पाणी जलसंपदा खात्याकडे, खालचं भूजल यंत्रणेकडे, आणि १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून जमीनमालकाला आपल्या जमिनीतलं पाणी उपसायची मोकळीक. भूजलाचा २००९ चा कायदा आहे. त्याने कुणाचा बोअर थांबल्याचं मात्र फारसं कानावर येत नाही.

तर मग नेवाडाने पुढे काय करायचं? कोर्टकज्जे अजून वर्षानुवर्षं चालतील. वकिलांची घरं तेवढी होतील. पण कोर्टाने कुणाचाही पक्ष उचलला तरी ४०,००० च्या पावत्या आणि ८,००० चं पाणी हे गणित सुटत नाही. नुसत्या ज्येष्ठतेने कापायचं ठरवलं तर सगळ्यांत नवे हक्क सगळ्यांत आधी जातील, आणि त्यांत कंपनीबरोबर काही गरजेचे वापरही सापडतील. अवघड आहे, म्हणून तर कुठलंही सरकार हात घालत नाही.

एक वाट आहे, आणि ती नेवाडाने दुसरीकडे चालून पाहिली आहे. २०२३ पासून राज्याने केंद्राच्या निधीतून अडीच कोटी डॉलर बाजूला काढून, अतिउपसा झालेल्या खोऱ्यांत शेतकऱ्यांकडून भूजलाचे हक्क विकत घेतले आणि कायमचे रद्द केले. सक्ती नाही. ज्याला विकायचं त्याने विकावं. तोच उपाय मडी नदीच्या या सात खोऱ्यांत आणावा. राज्याने जास्तीच्या पावत्या फाडल्या, तर त्या परत घेण्याचा खर्चही राज्याने उचलावा. कंपनीलाही त्यात बसवावं. पण भाव स्वप्नातल्या दीड लाख घरांचा नाही, हे आधीच स्पष्ट करावं. २००२ च्या आदेशानंतर, करारावर सही करून झाल्यावर, आटू शकणाऱ्या पाण्याचा जो भाव होता तो द्यावा. व्हिटमोरनंतर जमीन ज्यांच्या हाती आली त्या भागीदारांना तो कमी वाटेल. त्यांनी तो नाकारावा आणि हक्क जवळ ठेवावेत. फक्त त्यावर घराचा नकाशा मंजूर होणार नाही, आणि गोल्फ कोर्सला लागणारं पाणीसुद्धा त्याच ८,००० मध्ये मोजलं जाईल.